दोन पायांवर चालणारे यंत्र : बांधणी आणि चाचण्यांच्या नोंदी

माणसाच्या चालण्यात शरीराच्या घडणीचा वाटा किती आणि मज्जासंस्थेचा किती, हे स्वतः बांधून पाहण्यासाठी हे काम हाती घेतले आहे. आधी मोटर, सेन्सर किंवा कोड यांपैकी काहीही नसलेले पाय बांधायचे, ते केवळ स्वतःच्या वजनावर कुठवर चालतात हे पाहायचे, आणि जिथे ते अडतील तिथेच मज्जासंस्थेची एकेक गोष्ट जोडायची, असे ठरवले. यामुळे जोडलेली प्रत्येक गोष्ट नेमकी कशासाठी लागली, हे स्पष्ट राहते. हेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे बिघडले त्याबद्दल अधिक विस्ताराने लिहीत आहे.

६ जानेवारी

१२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे पाय कापले. खुब्याच्या दांड्यापासून तळव्यापर्यंतची लांबी ४२ सेंटिमीटर आहे. पाय मोजायला चार असले तरी यंत्र दोन पायांचेच समजायचे आहे. बाहेरचे दोन पाय एकमेकांना पक्के जोडलेले असल्यामुळे एकत्र हलतात आणि आतले दोनही तसेच एकत्र हलतात, त्यामुळे यंत्र कुशीवर पडू शकत नाही आणि पुढे-मागे होणाऱ्या हालचालीकडे लक्ष देता येते. ही मांडणी कॅनडात काम करणाऱ्या टॅड मॅकगीर यांची आहे. उतारावर सोडलेले पाय मोटरशिवाय आणि कोणत्याही नियंत्रणाशिवाय स्थिर चालीने चालू शकतात, हे त्यांनी १९९० मध्ये गणिताने आणि प्रत्यक्ष यंत्राने दाखवून दिले.

तळव्यांचा आकार ठरवण्यात बराच वेळ गेला. सपाट तळवा लावला तेव्हा यंत्र पहिल्याच पावलाला टाचेच्या कडेवर अडले, कारण घोटा नसलेल्या पायाला सपाट तळव्यावरून पुढे लोळता येत नाही. माणसाचा तळवा जवळपास सपाट असला तरी टाच टेकणे, नडगी घोट्यावरून पुढे झुकणे आणि शेवटी चवड्यावर उठणे या तीन हालचाली एकत्र धरल्या, तर पाय एखाद्या वर्तुळाच्या कंसावरून लोळत गेल्यासारखा पुढे जातो. त्या कंसाची त्रिज्या पायाच्या लांबीच्या सुमारे ०.३ पट भरते. त्याच प्रमाणात १३ सेंटिमीटर त्रिज्येचे कंस कापले आणि त्यांच्या खाली पातळ रबर चिकटवले. रबर जाड घेऊ नये. जाड रबरावर पाय टेकल्यानंतर किंचित उसळतो आणि ती उसळी पुढची दोन-तीन पावले बिघडवते.

१३ जानेवारी

एक जुनी दाराची फळी उतार म्हणून लावली. गुडघे नसलेल्या पायांची अडचण लगेच समोर आली. झुलणारा पाय टेकलेल्या पायाच्या बाजूने जाताना जमिनीला घासतो, कारण दोघांची लांबी सारखी आहे. फळीवर ठरावीक अंतराने लाकडाचे ठोकळे ठेवून झुलत्या पायाला खाली जागा करून दिली, तेव्हा यंत्र ठोकळ्यांवरून शेवटपर्यंत गेले. पाहायला ते छान वाटते, परंतु पावलाची लांबी ठोकळेच ठरवतात, त्यामुळे पाय स्वतः कोणती चाल निवडतात हे त्यातून कळत नाही. गुडघे करावेच लागतील.

२१ जानेवारी

पाय मधोमध कापून छोट्या बेअरिंगवर गुडघे बसवले. गुडघा मागे वळतो, पुढे मात्र लाकडी अटकावाशी थांबतो. मांडी पुढे निघाली की खालचा भाग जडत्वामुळे मागे राहतो आणि गुडघा आपोआप वाकतो. त्यासाठी कोणतेही बळ लावावे लागत नाही. नेहमीच्या वेगाने चालताना माणसाचा गुडघा झुलत्या टप्प्यात सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो, आणि त्यातलाही मोठा भाग असाच जडत्वातून येतो. हे सारे करूनही चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर राहतो. धडधाकट माणूस इतक्या थोड्या फटीवर विसंबून आयुष्यभर चालतो, हे मोजपट्टी हातात घेतल्यावर फार प्रकर्षाने जाणवले.

अडचण गुडघा सरळ होताना आली. खालचा भाग अटकावावर आपटून परत मागे उसळतो, आणि त्याच क्षणी पाय टेकला तर गुडघा वजनाखाली दुमडून यंत्र कोसळते. यात दोन्ही बेअरिंगच्या खाचा मोठ्या झाल्या आणि एक पाय नव्याने कापावा लागला. अटकावाला फोम लावून पाहिला, त्याने उसळी कमी झाली पण गेली नाही. शेवटी कपाटाच्या दाराला लावतात तसे छोटे चुंबक बसवले. चुंबकाचा जोर सुरुवातीला इतका होता की पुढच्या पावलाला गुडघा सुटेचना. मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून वाढवत गेल्यावर जोर जुळला.

माणसाच्या पायात हे काम दोन गोष्टी करतात. झुलण्याच्या अखेरीस मांडीच्या मागचे स्नायू नडगीचा वेग आवरतात, म्हणून गुडघा आपटत नाही. मधल्या टप्प्यानंतर वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढून जाऊ लागते, म्हणून तो पुढे फारसा जोर न लावताही सरळ राहतो. यंत्रात यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी स्नायू नाहीत, म्हणून चुंबक आले.

४ फेब्रुवारी

यंत्र चालले. उतार ३ अंशांच्या आसपास असताना ते फळीच्या वरून खालपर्यंत सलग पावले टाकत जाते. उतार कमी केला की पावले आखूड होत जातात आणि यंत्र थांबते; वाढवला की पावले लांबत जातात आणि ते पुढे तोंडघशी पडते. मधल्या पट्ट्यात सोडताना हात थोडा हलला तरी दोन-चार पावलांत चाल स्वतःहून मूळ लयीवर येते. हा स्थिरपणा कुठल्याही गणकाने दिलेला नाही, तो पायांच्या लांबीत, वजनाच्या वाटणीत आणि तळव्याच्या कंसात आहे.

चाचण्या स्लो मोशनमध्ये चित्रित करून चौकटी मोजल्या. झुलता टप्पा सुमारे ०.४५ सेकंद आणि पाऊल साधारण २० सेंटिमीटर भरले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या आसपास आहे. पायांच्या लांबीचा हिशेब धरला, तर मोठ्या माणसाच्या मापात तो सेकंदाला ०.६ मीटर होतो. माणसाची सहज चाल १.३ मीटरच्या आसपास असते. म्हणजे हे यंत्र फार सावकाश चालणाऱ्या माणसासारखे आहे.

झुलता पाय हा लंबक आहे, असे जर्मन शास्त्रज्ञ वेबर बंधूंनी १८३६ मध्येच मांडले होते. माझ्या यंत्राला ते बरेचसे लागू पडते. ४२ सेंटिमीटरच्या सरळ दांड्याचा अर्धा झोका ०.५३ सेकंदाचा येतो आणि गुडघा वाकल्याने तो थोडा लवकर पूर्ण होतो. माणसाच्या पायाला मात्र हे गणित एकट्याने पुरत नाही. सुमारे ९० सेंटिमीटरच्या पायाचा मोकळा अर्धा झोका ०.८ सेकंदाच्या जवळ जातो, तर प्रत्यक्ष चालताना पाय ०.४ सेकंदातच पुढे पोहोचतो. झोक्याच्या आरंभीच पोटरीचा रेटा आणि खुब्याचे वाकवणारे स्नायू त्याला वेग देतात, मधला भाग बराचसा फुकट होतो, आणि शेवटी पुन्हा स्नायू आवरतात.

१६ फेब्रुवारी

आता सपाट जमीन. उतारावर गुरुत्वाकर्षण जी ऊर्जा पुरवत होते ती दुसरीकडून द्यायला हवी. पुढचा पाय टेकताना शरीराची गती खालच्या दिशेने असते आणि ती वर वळवावी लागते; त्या धक्क्यात प्रत्येक पावलाला ऊर्जा वाया जाते. ही तूट नेमकी कुठून भरावी, हा या टप्प्याचा प्रश्न होता.

सर्वांत सोपे म्हणून खुब्याला मोटर लावली. यंत्र चालले, पण वाईट चालले. पाय टेकताना होणारा आवाज दुप्पट झाला, मोटर गरम होऊ लागली, आणि मोटरीचा गिअर पायाला मोकळे झुलूच देत नव्हता. चांगले चालणारे पाय मोटरीच्या गिअरने जखडले जातात, हे नव्याने बांधणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. या कामात सर्वाधिक खर्च मोटरींवर झाला आणि त्यातल्या खुब्याच्या मोटरी सगळ्या बाजूला पडल्या.

मग घोटा केला. तळव्याचा कंस नडगीला बिजागरीने जोडला आणि मागे एक ताणाची स्प्रिंग बसवली. पाय झुलत असताना एक छोटी गिअर मोटर दोरीने ती स्प्रिंग हळूहळू ताणते, खटका तिला धरून ठेवतो, आणि खटका सुटला की तळवा मागे रेटा देतो. ताण भरायला पूर्ण पाऊलभर वेळ मिळत असल्याने मोटर अगदी लहान चालते. माणसाच्या पायातही पोटरीमागचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पाय टेकलेला असताना ताणला जातो आणि शेवटी ती साठवलेली ऊर्जा एकदम मोकळी करतो. चालण्याच्या संपूर्ण चक्रात सर्वांत मोठा शक्तीचा झटका घोट्यातच असतो.

खटका कधी सोडायचा यावर सगळे अवलंबून होते. पुढचा पाय टेकल्यानंतर सोडला तर टेकण्याचा धक्का पूर्ण बसून गेलेला असतो आणि रेटा केवळ गेलेली ऊर्जा परत भरतो. पुढचा पाय टेकण्याच्या किंचित आधी सोडला तर शरीराची दिशा आधीच वर वळू लागते आणि धक्काच लहान होतो. आर्थर कुओ यांनी २००२ मध्ये साध्या प्रारूपावर काढलेल्या गणितानुसार, वेळेवर दिलेल्या घोट्याच्या रेट्याला खुब्यातून ऊर्जा देण्याच्या मानाने एक चतुर्थांश ऊर्जा पुरते. माझ्याकडे इतके काटेकोर मोजमाप नाही, पण खटका सोडण्याची वेळ थोडी अलीकडे आणताच पाय आपटण्याचा आवाज जवळपास नाहीसा झाला, आणि तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरू लागली. हा आवाज हे फार उपयोगी मोजमाप आहे. आपटणारा पाय म्हणजे वाया जाणारी ऊर्जा.

घोट्याच्या रेट्यावर चालणारे कॉर्नेल विद्यापीठाचे यंत्र आणि होंडा कंपनीचा आसिमो हा माणसासारखा रोबो यांची तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ठरावीक वजन ठरावीक अंतर नेण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा आकडा कॉर्नेलच्या यंत्राचा ०.२, म्हणजे माणसाच्या जवळपास, तर आसिमोचा अंदाजे ३.२ आला. आसिमो कितीतरी अधिक कामे करू शकत असे, हे खरे. परंतु प्रत्येक सांधा प्रत्येक क्षणी मोटरीने धरून ठेवण्याची किंमत त्या आकड्यात दिसते.

१ मार्च

खटका सोडण्यासाठी आणि मोटर चालू-बंद करण्यासाठी आतापर्यंत मायक्रोकंट्रोलरमध्ये (छोट्या नियंत्रक चिपमध्ये) ठरावीक वेळेचे घड्याळ होते. गुळगुळीत फरशीवर ते पुरते. सतरंजीच्या कडेवर पाय आला किंवा बॅटरी उतरू लागली की पाय आणि घड्याळ यांची फारकत होते, रेटा चुकीच्या क्षणी येतो आणि यंत्र पडते.

म्हणून मज्जारज्जूसारखी लय निर्माण करणारी, एकमेकांना आलटून पालटून दाबणाऱ्या दोन घटकांची जोडी कोडमध्ये लिहिली. थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरावरील प्रयोगांत दाखवले होते की मेंदूपासून तोडलेला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केलेला मज्जारज्जू वाकवणाऱ्या व ताणणाऱ्या स्नायूंना आलटून पालटून आज्ञा देत राहतो. एकमेकांना दाबणारी दोन अर्धकेंद्रे आणि त्यांना येणारा थकवा, अशी त्यांची कल्पना होती. मात्सुओका यांनी १९८५ मध्ये तिला सुटसुटीत समीकरणांचे रूप दिले आणि ती मायक्रोकंट्रोलरवर सहज चालतात. माणसातही अशी यंत्रणा असल्याचे बळकट संकेत आहेत. मज्जारज्जू पूर्ण दुखावलेल्या व्यक्तींच्या कमरेच्या भागाला सतत विद्युत उत्तेजन दिल्यावर पावले टाकल्यासारखी लयबद्ध स्नायू-हालचाल होते, हे दिमित्रिजेविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नोंदवले आहे.

दोन गोष्टींत वेळ गेला. पहिली म्हणजे वेगाचा खटाटोप. शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांच्या १९६६ च्या प्रयोगात मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका जागेचे उत्तेजन नुसते वाढवत नेले की ते चालण्यावरून दुडक्या चालीवर आणि मग चौखूर धावण्यावर जात असे. तसाच एकच नॉब ठेवायचा होता. पण मात्सुओकांच्या जोडीला वरून येणारी आज्ञा वाढवली की हालचाल मोठी होते, लय मात्र तीच राहते, कारण लय थकव्याच्या आणि प्रतिसादाच्या कालांकांवर, म्हणजे त्यांना लागणाऱ्या वेळेच्या आकड्यांवर, ठरते. नॉबला ते दोन्ही कालांकही एकत्र बांधावे लागले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. यंत्र दोरीने टांगून चाचणी घेतली, तेव्हा पाय हवेत अतिशय देखणे चालत होते. जमिनीवर ठेवताच ते काही पावलांत कोसळले. टांगलेल्या पायांवर वजन नसते, त्यांना टेकण्याचा क्षण नसतो, म्हणून कोणतीही लय तिथे शोभून दिसते. हवेत केलेल्या चाचण्यांवर लय जुळवण्यात वेळ घालवू नये.

१४ मार्च

जोडीला आता शरीराचे ऐकायला शिकवले. टेकलेला पाय उचलायचा कधी, याचे उत्तर मांजरावरील दोन जुन्या प्रयोगांत सापडते. ग्रिलनर आणि रोसिन्योल यांनी १९७८ मध्ये दाखवले की खुबा पुरेसा मागे गेल्याशिवाय झुलता टप्पा सुरू होत नाही. पाय मागे जाऊच दिला नाही तर त्या पायाची चाल थांबून राहते. डायझन्स आणि पीअर्सन यांनी १९८० मध्ये दाखवले की घोटा ताणणाऱ्या स्नायूंवर भार असेपर्यंत पाय वाकवण्याची आज्ञा दबलेली राहते. म्हणजे खुबा मागे गेला आहे का आणि वजन दुसऱ्या पायावर गेले आहे का, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे मज्जारज्जूला हवी असतात.

खुब्याला कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर बसवला, तळव्याखाली दाब मोजणारी पातळ पट्टी लावली, आणि दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच जोडीने बाजू बदलायची असे कोडमध्ये लिहिले. दाबपट्टीने फार त्रास दिला. तळवा टेकताना होणाऱ्या बारीक थरथरीत तिचा आकडा उंबरठ्याच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, वर-खाली होई आणि पाय टेकताक्षणीच उचलण्याची आज्ञा जाई. उंबरठे वेगवेगळे ठेवले, म्हणजे टेकल्याचे मानायला जास्त दाब आणि उचलल्याचे मानायला बराच कमी, तेव्हा हे थांबले. पण पट्टी काही वेळ दाबलेली राहिली की तिचे आकडे सरकतात, त्यामुळे अर्ध्या तासाने उंबरठे पुन्हा चुकू लागले. अखेर पट्टी काढली आणि टाचेत व चवड्यात फोमच्या तुकड्याखाली एकेक साधा दाबबटणाचा स्विच बसवला. भाराचे नेमके प्रमाण त्यातून कळत नाही, पण आहे की नाही हे खात्रीने कळते, आणि इथे तेवढेच हवे आहे.

बदल डोळ्यांना दिसण्याइतका होता. सतरंजीची कड आता अडथळा राहिलेली नाही. तिथे पाऊल थोडे रेंगाळते, लय तेवढी थांबते आणि पुढे निघते. उतरलेल्या बॅटरीवर यंत्र सावकाश चालते, पडत नाही. घड्याळाने पायांना ओढण्याऐवजी पायांनी घड्याळाला सांगणे, या एका बदलाने जे साधले ते आधीच्या आकडे जुळवण्याच्या सगळ्या खटपटीतून साधले नव्हते. या संपूर्ण कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा दिवस हाच आहे.

२५ मार्च

तारेतून येणारा संदेश जवळजवळ तत्काळ पोहोचतो, मज्जातंतूतून येणाऱ्याला वेळ लागतो. पोटरीच्या स्नायूला अचानक ताण दिल्यापासून त्याचा पहिला प्रतिक्षिप्त प्रतिसाद येईपर्यंत सुमारे ४० मिलिसेकंद जातात. जाणूनबुजून दिलेल्या प्रतिसादाला १५० किंवा त्याहून अधिक लागतात. ही तुलना खरी व्हावी म्हणून कोडमध्ये मुद्दाम उशीर घातला. लहान पाय लवकर झुलतात, म्हणून उशीरही लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लहान करावा लागतो. ४२ सेंटिमीटरच्या पायासाठी ४० चे सुमारे २७ मिलिसेकंद होतात, आणि १५० चे सुमारे १००.

२७ मिलिसेकंदांनी चालीत काहीच फरक पडला नाही. १०० ला मात्र रेटा नेहमी पुढचा पाय टेकून गेल्यावर येऊ लागला, आपटण्याचा आवाज परत आला आणि छोट्या उंचवट्यावरही यंत्र पडू लागले. पाऊलच अर्ध्या सेकंदाचे असेल तर प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकणे शक्य नाही, हे इथे आकड्यांत दिसले. घाईचा निर्णय मज्जारज्जूत, जवळच्या जवळ व्हावा लागतो.

मग लय निर्माण करणारी जोडी हवीच कशाला, केवळ सेन्सरवर भागणार नाही का, हेही तपासले. जोडी बंद केल्यावर यंत्र चांगले चालले, पण स्विचने एखादा टेकण्याचा क्षण हुकवला की ते तिथेच गोंधळून पडे. जोडी चालू असताना तो क्षण साधारण कधी यायला हवा याचा अंदाज तिच्याकडे असतो, त्यामुळे एक चुकलेली खबर पचते. दोन्ही एकत्र ठेवून सेन्सरचा शब्द वरचढ मानला, तेव्हा चाल सर्वांत टिकाऊ झाली.

८ एप्रिल

अडखळण्याच्या चाचण्या घेतल्या. झुलत्या पायाच्या वाटेत पातळ काठी धरली, चवड्याच्या पुढे एक स्विच लावला आणि तो दाबला गेला की गुडघा वाकवून पाय उचलायचा, असा एकच नियम दिला. झोक्याच्या सुरुवातीला काठी लागली तर हा नियम उत्तम चालतो. शेवटी लागली तर मात्र उचललेला पाय टेकायला उशीर होतो आणि तोवर शरीर पुढे निघून गेलेले असते. पाय टेकलेला असताना स्विच दाबला गेला तर अनर्थच होतो, कारण ज्या पायावर सारे वजन आहे तोच दुमडतो.

फॉर्सबर्ग, ग्रिलनर आणि रोसिन्योल यांनी १९७५ मध्ये मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांमध्ये हेच पाहिले होते. पंजाच्या वरच्या भागाला झुलत्या टप्प्यात स्पर्श केला तर पाय वाकून उचलला जातो, आणि तोच स्पर्श टेकलेल्या टप्प्यात केला तर पाय उलट अधिक ताठ होतो. माणूसही झोक्याच्या आरंभी अडखळला तर पाय उंचावून अडथळ्यापलीकडे नेतो, आणि अखेरीस अडखळला तर पाय चटकन खाली टेकवून दुसऱ्या पायाने अडथळा ओलांडतो. नियमाला टप्प्याची अट जोडली : पूर्वार्धात उचलणे, उत्तरार्धात टेकवणे, टेकलेल्या टप्प्यात गुडघा घट्ट धरणे. गुडघ्याला यासाठी एक हलकी सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) क्लचमधून जोडावी लागली, कारण कायम जोडलेली सर्व्हो मोकळा झोका अडवते. क्लच मी साध्या दोरीचा केला. दोरी ढिली असताना गुडघा मोकळा असतो, ताणली की तो सर्व्होच्या ताब्यात जातो.

२४ एप्रिल

चारऐवजी एकमेकांपासून सुटे असे दोनच पाय ठेवले आणि यंत्र खरोखर दोन पायांवर उभे केले. ते लगेच कुशीवर पडले. पुढे-मागे स्वतःहून सावरणारे पाय आडव्या दिशेने सावरत नाहीत, हे कुओ यांनी १९९९ मध्ये गणिताने दाखवले होते. पुढच्याच वर्षी बॉबी आणि कुओ यांनी माणसांच्या पावलांच्या जागा मोजल्या. डोळे मिटून चालताना पावलांची आडवी जागा पुढे-मागेच्या मानाने कितीतरी अधिक विस्कळीत होते. म्हणजे आडवा तोल सांभाळण्यासाठी दृष्टी आणि आतल्या कानातले तोलेंद्रिय सतत राबत असतात, तर पुढची चाल बरीचशी घडणीवर सोडलेली असते. हा भेद मला फार सुंदर वाटतो, आणि यंत्रात तो जसाच्या तसा उतरला.

फिजिओथेरपी करणाऱ्या एका सहकाऱ्याने चित्रफीत पाहून लगेच सांगितले की टेकलेल्या पायाच्या विरुद्ध बाजूचा खुबा खाली झुकतो आहे. माणसात ही जागा खुब्याच्या बाजूचा स्नायू सांभाळतो. तो दुबळा झाला की चालताना कमर दुसऱ्या बाजूला लचकते. खुब्याचा दांडा दोन्ही बाजूंनी ताठ रबरी पट्ट्यांनी बांधल्यावर तो झोक बराच कमी झाला. मग पाय फाकवून पाहिले. पाय जितके फाकवले तितका तोल बरा, पण प्रत्येक पावलाला वजन आडवे ढकलावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. माणसे सहजपणे पायाच्या लांबीच्या सुमारे ०.१२ पट रुंदीचे पाऊल टाकतात. माझ्या यंत्राला ते ५ सेंटिमीटर होते, आणि तेवढ्यावर ते केवळ घडणीच्या बळावर उभे राहत नाही.

३ मे

कमरेवर कलण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप बसवला आहे. यंत्र ज्या बाजूला कलते आहे त्या बाजूला पुढचे पाऊल थोडे अधिक बाहेर टाकायचे, एवढाच नियम आहे. त्यासाठी खुब्यात बाजूला वळवणारी एक सर्व्हो आहे. ही दुरुस्ती प्रत्येक क्षणी करायची नसून पावलाला एकदाच, पाय टेकण्याआधी करायची आहे. सतत दुरुस्ती केली तेव्हा सर्व्होची थरथर जायरोस्कोपमध्ये शिरून यंत्र स्वतःच्याच हालचालीला प्रतिसाद देऊ लागले होते.

सध्याची स्थिती अशी : गुळगुळीत फरशीवर यंत्र खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाते, वळू शकत नाही, आणि जायरोस्कोपचा शून्यबिंदू (स्थिर असतानाचा आकडा) तापल्यावर सरकत असल्याने काही वेळाने डावीकडे झुकू लागते. सुरू करण्याआधी ते दहा सेकंद स्थिर धरून शून्यबिंदू नव्याने घेतला, तर हे बरेच लांबते. कमरेवरचे वजनही अजून फार हलके आहे. माणसाचे डोके, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग भरतो आणि तो सगळा खुब्यांवर तोललेला असतो, तर माझ्या यंत्राचे बहुतेक वजन पायांत आहे. पुढचा टप्पा म्हणून १५ सेंटिमीटर उंचीचे धड बसवणार आहे. ते ताठ राहावे म्हणून खुब्यात मोटर लागेल, आणि ती मोकळा झोका जखडणार नाही यासाठी तिलाही गुडघ्यासारखाच दोरीचा क्लच लावून पाहणार आहे. त्यासाठीचे बेअरिंग ८ मिलिमीटरच्या दांड्याचे घेतले आहेत, कारण आताचा ६ मिलिमीटरचा दांडा धडाच्या वजनाने वाकतो, हे वाळूची पिशवी बांधून तपासले आहे.